श्वास धरा

१

नागसेनला अंधाराचं भय नव्हतं. त्याचा पगारच अंधारावर होत होता. सणसवाडीच्या एका कारखान्यात बॉयलरच्या मोठाल्या टाक्या बनत, आणि त्यांच्या वेल्डिंगच्या सांध्यांचे एक्स-रे काढून फिल्म धुण्याचं काम त्याच्याकडे होतं. आजूबाजूच्या कंपन्यांत हे सगळं कॉम्प्युटरवर गेलं होतं. ह्यांच्या मालकाचा जुन्या फिल्मवर जीव म्हणा, नाहीतर नव्या मशीनच्या किमतीवर राग म्हणा, इथं अजून डार्करूम चालू होती. नागसेन रात्रपाळीला तिच्यात शिरायचा, डेव्हलपर, पाणी, फिक्सर अशा टाक्यांतून फिल्म काढायचा आणि वाळली की काचेच्या दिव्यावर लावून बघायचा. सांध्यात भेग आहे का, आत हवा अडकलीय का, एवढं सांगायचं आणि सही करायची.

या धंद्यातला पहिला धडा त्याला पाठ होता. फिल्मवर रेघ दिसली म्हणून लगेच टाकीला भेग गेली असं ओरडत सुटायचं नाही. बोटाचा ठसा असेल, केमिकलचा शिंतोडा असेल, फिल्म कुठं दुमडली असेल. म्हणून महत्त्वाच्या सांध्याला एकाच पाकिटात दोन फिल्म घालायच्या. एकीवरच दिसलं तर दोष फिल्मचा. दोन्हींवर दिसलं तर दोष लोखंडाचा, मग सुपरवायझर कितीही गोड बोलो. हाच नियम तो घरातही लावायचा. त्याची बायको राजश्री म्हणायची, भाजी खारट झालीय हे ह्यांना दुसरा घास खाल्ल्याशिवाय पटत नाही.

शिक्रापुरात हायवेपासून जरा आत, भाड्याच्या दोन खोल्यांत तिघं राहत. नागसेन, राजश्री आणि नागसेनची आई ताईबाई. वडील म्हाळू गेल्यावर त्यानं आईला दौंड तालुक्यातल्या भीमाकाठच्या गावाहून इकडं आणलं. इथं आली आणि तिचे डोळे जायला लागले. काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती टिकेल ते बघू. आता तिला समोरचं एवढ्याशा भोकातून दिसल्यासारखं दिसायचं आणि तेही दर महिन्याला बारीक होत चाललं होतं.

तिनं मुलाकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं. या थंडीत एकच मागितलं. डोळे पुरते जायच्या आत सतीशचा फोटो बघायचा.

२

सतीश म्हणजे तिचं पहिलं मूल. नागसेनच्या जन्माच्या कितीतरी आधी गेलेलं. चालायला लागलं होतं, दोन-चार शब्द बोलत होतं. चैत्रात त्याला ताप भरला, सकाळी आचके आले, आणि मग ते गप पडून राहिलं. भावकीतल्या एका जाणत्या बाईनं त्याच्या नाकाशी कापूस धरला. कापूस हलला नाही.

ज्याचा जिवंतपणी फोटो निघाला नाही त्याचा निदान गेल्यावर तरी काढायचा, अशी तेव्हा रीत होती. दौंडला स्टेशनजवळ पोपट फोटोवाल्याचं दुकान होतं. निरोप गेला की तो सायकलला स्टँड बांधून यायचा. मयताचे तीन फोटो काढायचे ही त्याची पद्धत. एक घरच्यांना, एक पाहुण्यांना, एक बिघडला तर. झाडाच्या सावलीत फोटो काढायचा म्हणजे कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवावी लागे, आणि तेवढ्यात जो हलेल तो पुसट येई. मेलेला माणूस हलत नाही, म्हणून अशा फोटोत त्याचंच तोंड सगळ्यांत स्वच्छ येतं. पण मांडीवर लेकरू असलं की अडचण व्हायची. आईची छाती हलली की तिला टेकवलेलं लेकरूही हलायचं. म्हणून पोपट आधी आईला सांगायचा, श्वास धरा.

तसे सतीशचे तीन फोटो निघाले. दिवस मावळायच्या आत त्याला नदीकाठी पुरलं, म्हाळूनं स्वतःच्या हातानं माती ओढली. पुढं म्हाळू फोटो आणायला दौंडला गेला तर पोपट म्हणाला, फिल्म खराब निघाली. पुन्हा गेला तेव्हाही तेच म्हणाला, आणि या वेळी त्यानं मान वर करून बघितलं नाही.

पोपट म्हातारा होऊन गेला. दुकान कुठल्याशा मोबाईलवाल्याला द्यायचं ठरलं आणि त्याची सून रश्मी माळा उपसायला लागली. वर एका बिस्किटाच्या डब्यात तिला एक रोल सापडला, कागदावर गावाचं नाव आणि म्हाळूचं नाव. रश्मीनं ओळखीच्या माणसाकडून निरोप धाडला आणि नागसेन सुट्टीच्या दिवशी दौंडला गेला.

रोल हातात घेतल्यावर त्यानं सवयीनं आधी चिकटपट्टी बघितली. ती उघडलेलीच नव्हती. पोपटनं जशी जिभेनं ओली करून चिकटवली असेल तशीच होती.

"वहिनी, ही धुतलेलीच न्हाई," तो म्हणाला.

"न्हाईच धुतलेली."

"मग खराब निघाली हे पोपटमामांना कळलं कसं?"

रश्मीनं डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, "मामंजींनी त्याच्यानंतर मयताचा फोटो काढला न्हाई बघा. लग्नं काढली, रेल्वेवाल्यांचे पासपोर्ट काढले. मयतासाठी कुणी बोलवायला आलं की सांगायचे, स्टँड मोडलाय. स्टँड चांगला धडधाकट हाय, हा काय कोपऱ्यात." तिनं डबा बाजूला ठेवला. "शेवटी शेवटी झोपेत बोलायचे. श्वास धरा, श्वास धरा. इतकं खरं वाटायचं की मी शेजारच्या खोलीत पडल्या पडल्या धरायची."

नागसेन हसला. ती हसली नाही.

३

दुसऱ्या दिवशी रात्रपाळी करून आला, झोप काढली आणि दुपारी कामाला लागला. राजश्री पॅकिंगच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेली होती. कारखान्यातून साहेबांना विचारून आणलेला डेव्हलपर आणि फिक्सर बाटल्यांत होता. जुन्या फिल्मवर धुकं चढतं, ते कमी व्हावं म्हणून त्यानं बर्फाच्या लाद्या आणून डेव्हलपर गार केला. मागच्या शेतकऱ्याकडून टोमॅटोच्या वाफ्यावर अंथरायचा काळा मल्चिंग कागद मागून आणला आणि बाथरूमच्या खिडकीवर ठोकला. दाराखाली चादर कोंबली. दिवा बंद केला तेव्हा स्वतःचा हातसुद्धा दिसेना. ही फिल्म लाल दिव्यालाही बिघडते, तेव्हा सगळं आंधळ्यासारखं करायचं होतं.

बाहेर, दाराच्या अगदी जवळ, ताईबाई ताटात तांदूळ निवडत बसली होती. बोटांना अजून दिसतं, म्हणायची.

कारखान्यात फिल्म अडकवायच्या चौकटींत हा रोल बसत नव्हता, म्हणून त्यानं जुन्या फोटोवाल्यांची रीत धरली. फिल्मची दोन टोकं दोन हातांत घ्यायची, मधला भाग ताटातल्या डेव्हलपरमध्ये बुडवायचा आणि एकदा हा हात वर, एकदा तो. फिल्म झोळीसारखी खाली लोंबते आणि इकडून तिकडे जाते. कंटाळवाणं काम. बर्फानं बोटं दुखायला लागली आणि मग दुखायचीही थांबली.

काही वेळानं त्याला वाटलं, हातांना भार लागतोय.

फिल्मला वजन ते किती. ओली झाली तरी कागदाएवढं. पण भार होता, मधोमध, खाली, आणि एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाताना तो किंचित मागं राहत होता. झोळीत पोर असलं की राहतो तसा. नागसेननं स्वतःला समजावलं की बोटं बधिर झालीत, फिल्म ताटाच्या कडेला घासतेय, आणि रात्रीची झोप पुरी झालेली नाही. तिन्ही कारणं चांगली होती. खात्री करावी म्हणून त्यानं हात थांबवले.

हात थांबले. फिल्म लगेच थांबली नाही. एकदा इकडे गेली, एकदा तिकडे, आणि मग सावकाश थांबली.

बाहेर तांदळाचा आवाजही थांबला होता.

"निजलं का रं?" ताईबाईनं विचारलं. अगदी हळू, पोर उठू नये म्हणून बाया विचारतात त्या आवाजात.

नागसेन "होतंय, आई" एवढंच म्हणाला आणि पुन्हा हात हलवायला लागला, कारण डेव्हलपरमध्ये फिल्म अर्धवट सोडता येत नाही.

४

फिक्सरमधून काढून, पाण्यानं धुऊन त्यानं फिल्म कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यानं लावली, खाली वजनाला दुसरा चिमटा लावला आणि दिवा लावला. बारा फोटोंची फिल्म. पहिले तीन निघाले होते, पुढची सगळी कोरी. रोलच्या किमतीला जपणारा गावाकडचा फोटोवाला, त्यानं उरलेले फोटो वाया घालवून रोल तिथंच गुंडाळला होता.

निगेटिव्ह वाचायला नागसेनला सवय होती. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं त्याचं डोकं आपोआप करायचं. त्यानं भिंग लावलं.

पहिला फोटो इतका सुरेख होता की त्याला रडू आलं. चुना दिलेली भिंत, लिंबाची सावली, लाकडी खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला म्हाळू, आज नागसेन आहे त्याहून किती लहान. खुर्चीत ताईबाई, पोरसवदा, गळ्यातला मणी न् मणी मोजता यावा अशी स्वच्छ. तिच्या छातीला टेकवून बसवलेला सतीश. काजळ घातलेलं, डोळे मिटलेले, उजवा हात मांडीवर उपडा ठेवलेला. कान अगदी नागसेनचे. आपल्याला भाऊ होता, हे त्याला आयुष्यभर माहीत होतं. आज पहिल्यांदा ते खरं झालं.

दुसऱ्या फोटोत तोच म्हाळू, तीच खुर्ची, तेच मणी तितकेच स्वच्छ. फक्त सतीशच्या उजव्या हाताच्या जागी धुराचा पट्टा होता.

डाग असेल, नागसेन म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. चाळीस वर्षांची फिल्म आहे, डाग पडणारच. मग नियमाप्रमाणे त्यानं भिंग पुढं सरकवलं, डाग तिसऱ्यावर आहे का ते बघायला.

तिसऱ्यावर डाग नव्हता. मांडीवर हातही नव्हता. हातानं ताईबाईचा पदर धरला होता आणि सतीश कॅमेऱ्याकडे बघत होता.

५

माणसाचं मन मोठं हुशार. रात्रभर एक्स-रे काढता काढता नागसेनच्या मनानं त्याला बरीच कारणं काढून दिली. मधल्या वेळात पोपटनं हात उचलून पदरात खोचला असेल. डोळ्यांचं म्हणाल तर जुने फोटोवाले मयताच्या फोटोवर ब्रशनं डोळे रंगवून उघडे करायचे, घरच्यांना बरं वाटावं म्हणून. इथवर सगळं ठीक होतं. पण रंगवायला फोटो धुतलेला लागतो, आणि ही फिल्म त्यानं स्वतः फोडली होती.

राहता राहिली ताईबाई. तिनं श्वास सोडला असेल, ती हलली असेल, तिच्याबरोबर पोर हललं असेल. मणी तेवढे हलले नाहीत, असं कसं, हा विचार त्यानं बाजूला ठेवला. सकाळी चहा पिताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं की आई, फोटोच्या वेळी तू हलली होतीस का.

ती हलली म्हणाली असती तर बरं झालं असतं. त्याला ते एवढं हवं होतं की कप हातात तसाच राहिला.

"न्हाई," ताईबाई म्हणाली. "पोपट म्हणला, श्वास धरा. म्या धरला. तीन येळा धरला. छाती फुटायला आली पर सोडला न्हाई."

हे तिनं अभिमानानं सांगितलं. मग तिनं विचारलं, फोटो निघाले का.

निघतील, नागसेन म्हणाला. अजून वाळतायत.

त्याला आता जे कळलं होतं ते असं. एकीवर दिसलं असतं तर दोष फिल्मचा. हात हललेला दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्ही फोटोंत दिसत होता. म्हणजे त्या दुपारी लिंबाखाली खुर्चीत बसवलेलं पोर जिवंत होतं, आणि संध्याकाळी वडिलांनी त्याच्यावर माती ओढली. पोपटला ते कॅमेऱ्याच्या काचेत दिसलं, आणि भरलेल्या अंगणात तो बोलला नाही. आपण पाहिलं नाही असं स्वतःला सांगता यावं म्हणून त्यानं फिल्म धुतली नाही, आणि पाहिलं होतं म्हणून टाकलीही नाही. नागसेनला त्याचा राग यायला हवा होता. तेवढा आला नाही. फिल्म दोरीवर लटकत होती आणि तोही अजून काही बोलला नव्हता.

६

बाथरूमची तक्रार आधी राजश्रीनं केली. केमिकलचा वास येतो म्हणाली, ते खरंच होतं. मग दुसऱ्या दिवशी म्हणाली, वासाचं जाऊ दे, आत काहीतरी घुरघुरतं. सर्दी झालेलं लेकरू झोपल्यावर वाजतं तसं. नागसेन म्हणाला, नळात हवा धरली असेल. त्यानं वरच्या टाकीचा कॉक बंद केला, गीझरचं बटण काढलं, बादलीतलं पाणी ओतून टाकलं. हायवेवरून ट्रक जात होते, शेजारच्या खोलीतले बिहारी कामगार हिंदीत क्रिकेटवर भांडत होते. या सगळ्यात कुणाला काय ऐकू येणार. त्याला तरी काही ऐकू आलं नाही.

"आवो, असं न्हाई ऐकू येत," राजश्री दारातून म्हणाली. ती आत यायला तयार नव्हती. "श्वास धरा जरा. मग येतं."

हे शब्द तिनं कुठून आणले ते त्यानं विचारलं नाही. दौंडचं तिला काही सांगितलेलं नव्हतं. त्यानं दिवा चालू ठेवला, दोरीकडे पाठ केली आणि श्वास धरला.

आधी काही नाही. मग नाक चोंदल्यासारखा बारीक आवाज, आत जाणारा. मध्ये थोडा थांबून बाहेर येणारा. पुन्हा आत. तो नळातून येत नव्हता, गीझरमधूनही नाही. नागसेनच्या पाठीमागून, त्याच्या खांद्याच्या उंचीवरून येत होता, जिथं दोरीला फिल्म होती. श्वास अपुरा पडला तेव्हा त्यानं तो सोडला आणि त्याच्या स्वतःच्या धापेत आवाज बुडून गेला. त्या क्षणी त्याला असं वाटलं की हा आवाज नेहमीच चालू असणार. आपण सगळे आपापला श्वास घेत असतो म्हणून तो ऐकू येत नाही.

राजश्री त्या दिवसापासून शेजारणीकडे अंघोळीला जायला लागली.

७

मग त्यानं ठरवलं. आईला फोटो मिळेल, पण एकच मिळेल, पहिला. डोळे मिटलेला, हात मांडीवर ठेवलेला, आया म्हणतात तसा गुणाचा. तिचं काय चुकलं होतं? गावानं सांगितलं, कापसानं सांगितलं. तिची नजर आता अशी की दुसरे दोन तिच्यासमोर धरले तरी तिला दिसले नसते कदाचित. पण कदाचित या शब्दावर तो आईला सोडणार नव्हता. उरलेल्या दिवसांत तिला ते कळलं तर ती कशी जगेल, हा एकच विचार त्याला खात होता. आपण पोपटसारखंच करतोय हे त्याला कळत होतं, आणि तरी त्याला ते बरोबर वाटलं.

राजश्रीच्या मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यावर फिल्म ठेवून त्यानं आपल्या मोबाईलनं पहिल्या निगेटिव्हचा फोटो घेतला आणि त्याचं काळं-पांढरं उलटं केलं. कात्रीनं फिल्म कापली. पहिला तुकडा कागदात गुंडाळून पाकिटात ठेवला. बाकीची पट्टी रात्री कारखान्यात नेली आणि रद्द फिल्मच्या पेटीत सर्वांत खाली घातली. रद्द फिल्मवरची चांदी काढून घ्यायला महिन्याकाठी गाडी येते, ती नेमकी दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन गेली. पेटी रिकामी झालेली त्यानं स्वतः बघितली. पाळी सुटल्यावर तो पहिल्यांदा पोटभर नाश्ता करून घरी आला.

संध्याकाळी तो चाकण चौकातल्या फोटोच्या दुकानात गेला. दुकानदार बिहारचा, गप्पिष्ट माणूस. नागसेननं मोबाईलवरचा फोटो त्याला पाठवला, मोठा करून काढ आणि वर प्लॅस्टिक चढव म्हणून सांगितलं, आणि बाहेर येऊन उभा राहिला. ट्रकची रांग शिरूरच्या दिशेनं मुंगीच्या पावलानं चालली होती. थोड्या वेळानं दुकानदारानं फोटो पाकिटात सरकवता सरकवता हाक मारली.

"बच्चा बड़ा प्यारा है भैया. सीधा कैमरे में देख रहा है."

नागसेननं पाकीट घेतलं. उघडून बघायला एक क्षण लागला असता. दुसरा घास खाल्ल्याशिवाय ज्याला मीठ पटत नाही, त्या माणसानं पाकिटाचं तोंड दुमडलं, पैसे दिले आणि घरी येऊन ते लोखंडी कपाटात, थंडीच्या कपड्यांच्या खाली ठेवून दिलं. मोबाईलमधला फोटो न बघता काढून टाकला.

८

सकाळ कडाक्याची होती. राजश्री कामावर गेली. ताईबाई खिडकीशी, जिथं उन्हाचा पट्टा यायला अजून वेळ होता, तिथं घोंगडी पांघरून बसली होती. नागसेननं कपाट उघडलं. लोखंडाचा गारठा हाताला झोंबला. पाकिटातून फोटो काढताना तो त्याची पाठच आपल्याकडे राहील अशी काळजी घेत होता. तसाच त्यानं तो आईच्या मांडीवर ठेवला, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला.

ताईबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेलाच नाही.

"बघ की," तो म्हणाला. "तोंड बघायचं होतं ना तुला."

"तोंड मला पाठ हाय रं. तोंड कशाला बघू." तिनं मान त्याच्या आवाजाकडे वळवली. "मला न्हाई दिसत आता. परवापास्नं काईच न्हाई दिसत. सांगितलं न्हाई तुला, तू जीव लावून करत व्हतास. तू बघ आन् सांग. डोळं मिटल्यालं हायत का?"

हेच तिला हवं होतं. फोटो नव्हे. एवढ्या वर्षांत एवढंच विचारायचं होतं, आणि विचारायला आता तिच्याकडे एकच माणूस उरला होता.

"मिटलेत," नागसेन कॅलेंडरकडे बघत म्हणाला. "शांत झोपलाय. मिटलेत डोळे."

मग तिचा उजवा हात घोंगडीतून बाहेर आला आणि फोटोवर ठेवला गेला. आंधळ्या माणसाचा हात आधी चाचपडतो. हा चाचपडला नाही. जिथं पोर होतं तिथंच गेला, डोक्यापासून पोटापर्यंत पसरला आणि तिथंच राहिला.

"गरम लागतंय," ती म्हणाली.

"प्लॅस्टिक चढवलंय वर. मशीनीतून गरमच निघतं."

"कवा चढवलं?"

काल संध्याकाळी चढवलं होतं, आणि रात्रभर ते गार लोखंडात होतं.

"तवा बी लागलं व्हतं," ताईबाई म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, ते कधीच संपलं असावं. "मांडीवर दिलं तवाच म्हणलं मी, ह्यो गार न्हाई. म्हणले, चैताचं ऊन हाय, उनानं तापलंय. मग पोपटनं श्वास धराया लावला. श्वास धरला तवा कळलं मला."

"काय कळलं?"

"बोलले मी. समद्यांस्नी बोलले. तुज्या बापाचं पाय धरलं. म्हणले, पोराच्या दुःखानं येड लागलंय बाईला, आन् दोघींनी दंड धरून आत नेलं." ती थोडी पुढं झुकली. "मग मला बी वाटाय लागलं, येडच लागलं आसंल. आजपतूर तेच वाटतंय. म्हणून तू सांग म्हणलं."

नागसेन खाली बसला. मिटलेत हा शब्द त्याला परत घ्यायचा होता. त्यासाठी फोटोकडे बघावं लागणार होतं, आणि त्याचे डोळे तिच्या हातापर्यंत जाऊन थांबत होते. हाताखालचं काहीच दिसत नव्हतं, फक्त तिची बोटं, सुरकुतलेली, पसरलेली.

"आई, काय कळलं तुला?"

"धर तू बी," ती म्हणाली. "मी बी धरते. बघ."

नागसेननं श्वास धरला. ताईबाईनंही धरला. घोंगडीची किनार तिच्या गळ्याशी हलायची थांबली, खांदे थांबले, तोंड घट्ट मिटलं. फोटोवर ठेवलेला तिचा हात तेवढा किंचित वर आला, खाली गेला, आणि पुन्हा वर आला.